'घरबसल्या' या शब्दाचा हिशेब

(महाविद्यालयीन शिक्षिका आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



मला विषय दिला आहे तो असा: 'कोविडकाळात आणि त्यानंतर विद्यापीठीय अध्यापनाची गुणवत्ता व प्राध्यापकांचं प्रशिक्षण'. विषय जाहीर झाला तेव्हा इथल्या निम्म्या जणी वही काढून सावरून बसल्या आणि उरलेल्या निम्म्या जणींनी भिंतीला पाठ टेकली, हे मी पाहिलं. वस्तीत, पंचायतीत, समुपदेशन केंद्रात काम करणाऱ्या मैत्रिणींना वाटलं असणार की हा पगारदार बायकांचा आपसातला मामला आहे. पण मला ज्या शब्दाबद्दल बोलायचं आहे, त्या शब्दाशी तुमची ओळख आमच्यापेक्षा जुनी आहे. तो शब्द म्हणजे 'घरबसल्या'.

विड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, कपड्यांना काजं-बटणं करणाऱ्या बायकांमध्ये आपण काम केलं तेव्हा हा शब्द रोज कानावर यायचा. 'घरबसल्या चार पैसे मिळतात, आणखी काय पाहिजे?' हे ठेकेदार म्हणायचा आणि नवराही म्हणायचा. मग आपण बायकांबरोबर बसून हिशेब मांडला. जागा तिची, दिवा तिचा, पानं भिजवायला पाणी तिने भरून आणलेलं, सुईदोरा तिचा, मदतीचे हात तिच्या पोरींचे. दिवस कधी सुरू झाला आणि कधी संपला ते सांगणारा भोंगा नाही. शेजारी बसून काम करणारी दुसरी बाई नाही, म्हणून संघटना बांधायची तरी कुणाशी? अशा हिशेबांतून आणि 'सेवा'सारख्या संघटनांच्या रेट्यातून १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरखेपेच्या कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारत सरकारने आजवर त्याला मान्यता दिलेली नाही.

मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रातली महाविद्यालयं बंद झाली आणि विद्यापीठसुद्धा घरबसल्या झालं. त्या दिवशी आम्ही प्राध्यापक बायका विडी कामगारांच्या रांगेत जाऊन बसलो, हे आमच्यातल्या फार थोड्या जणींच्या लक्षात आलं.

मी तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं मोकळेपणाने बोलता येतं. आम्हाला पत्र आलं की उरलेला अभ्यासक्रम ऑनलाइन पूर्ण करावा. कुठल्या यंत्रावर, कुणाच्या डेटा पॅकवर, घरातल्या कुठल्या खोलीत बसून, याबद्दल पत्रात अक्षर नव्हतं. सरकारच्याच २०१७-१८च्या पाहणीनुसार ग्रामीण भागात शंभरातल्या पाच घरांतही संगणक नव्हता आणि इंटरनेटची सोय असलेली घरं पंधरा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के आहेत. म्हणजे वर्ग भरण्याआधीच वर्गातून कोण बाहेर जाणार ते ठरलेलं होतं.

शिकवणाऱ्या बाजूचाही एक आकडा सांगते, मग आकडे पुरे. २०१९च्या वेळवापर पाहणीत घरातलं बिनमोल काम करणारी बाई त्यात दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७. तेही शंभरातले सव्वीसच पुरुष मुळात ते काम करतात. टाळेबंदीत कामाला येणाऱ्या बायका बंद झाल्या, मुलं घरी, नवरा घरी, सासू-सासरे घरी. देशातल्या महाविद्यालयीन शिक्षकांमध्ये स्त्रिया ४३ टक्के आहेत, असं २०२१-२२ची केंद्र सरकारची पाहणी सांगते. या सगळ्या जणी सकाळी दहाच्या तासाला कुकरची शिट्टी म्यूट करत बसल्या होत्या. त्या काळातल्या अध्यापनाच्या गुणवत्तेबद्दल जे अहवाल निघाले त्यात बँडविड्थचा उल्लेख खूप दिसतो. कुकरचा मी अजून पाहिलेला नाही.

पण त्याहून खोल गोष्ट वेगळीच होती. माझ्याकडे 'कुटुंबसंस्था' हा भाग होता. कुटुंबातल्या हिंसेवर मी दरवर्षी दोन तास घ्यायची. वर्गाचं दार लावलं की मुली बोलायच्या. कुणी मावशीचं म्हणून सांगायची, कुणी शेजारणीचं म्हणून. कुणाचं आहे ते आम्हाला कळायचं. ऑनलाइन तासाला मी तो विषय काढला आणि चॅटमध्ये एका मुलीने लिहिलं, 'मॅडम भाऊ शेजारी आहे, स्पीकरवर आहे.' मी विषय बदलला आणि विवाहाचे प्रकार सांगितले. माझी एक सहकारी राज्यशास्त्राची. तिचा वर्ग तिच्या दिवाणखान्यात आणि सासरे समोर पेपर वाचत बसलेले. ती म्हणाली, 'मी आरक्षणाचा पेपर कुजबुजत शिकवते.' हे सगळं घडत होतं तेव्हाच, २०२०च्या एप्रिलमध्ये, राष्ट्रीय महिला आयोगाला घरातल्या हिंसेच्या तक्रारींसाठी व्हॉट्सॲपचा वेगळा क्रमांक सुरू करावा लागला होता. ज्या विषयाची घराघरात गरज सर्वांत जास्त होती, तोच घरातून शिकवता येत नव्हता. महाविद्यालय म्हणजे इमारत आणि अभ्यासक्रम असं आपण समजत होतो. आमच्या मुलींसाठी ते घराबाहेरचं, दार लावता येणारं एकमेव ठिकाण होतं.

आता प्रशिक्षणाकडे येते. २०२०च्या मे-जूनमध्ये वेबिनारांचा जो पूर आला तो तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. एका दिवसात तीन-तीन. लिंक उघडायची, नाव टाकायचं, शेवटी पाच प्रश्नांचा फॉर्म भरायचा की सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र ई-मेलने दारात. 'ऑनलाइन अध्यापनाची कौशल्यं' या विषयावर दीड तास एक गृहस्थ अखंड बोलले, एकही प्रश्न घेतला नाही, हे मी स्वतः ऐकलं आहे. लोक पोळ्या लाटत प्रमाणपत्रं मिळवत होते. त्यात बायकांना हसण्यासारखं काही नाही. पोळ्या लाटायला दुसरं कुणी नव्हतं.

आम्ही त्या वर्षात खरोखर काय शिकलो आणि कुणाकडून, ते सांगते. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर काम करणारी एक तरुण मुलगी होती. कार्यकर्त्या मैत्रिणींसाठी सांगते, तासिका तत्त्व म्हणजे कायम नेमणूक नाही, महिन्याचा पगार नाही. घेतलेल्या तासाचे पैसे. त्या वेळी तिला तासाला ५०० रुपये मिळत आणि आठवड्याला नऊ तास. सुट्टीचे पैसे नाहीत, बाळंतपणाची रजा नाही. तिने पहिल्या पंधरा दिवसांत ओळखलं की आमच्या मुलींच्या घरी एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. रात्री नऊनंतर तो मुलीच्या हातात येतो, तेही भाकरी-भांडी उरकल्यावर. मग तासाला हजर राहण्याचा हट्ट कशाला? तिने दहा मिनिटांच्या आवाजी टिपा करायला सुरुवात केली. व्हिडिओ नाही, कारण डेटा पुरत नाही. दहा मिनिटांच्या वर नाही, कारण त्यापुढे फाइल अडकते आणि ऐकणारीचं मन भांड्यांकडे जातं. 'आकृतीत पाहा' असं म्हणायचं नाही, कारण ती पाहत नाही, ऐकते आहे. सुरुवात प्रश्नाने करायची. आणि शेवटी असं एक काम द्यायचं की जे घरातल्या एखाद्या बाईशी बोलल्याशिवाय पुरं होणार नाही: आजीच्या लग्नात देणंघेणं काय झालं, आईच्या नावावर काय आहे. उत्तरही मुलींनी बोलूनच पाठवायचं.

मी पंचवीसहून अधिक वर्षं शिकवत होते. तरी त्या एका वर्षात अध्यापनाबद्दल जितकं शिकले तितकं क्वचितच शिकले असेन. ती आम्हाला संध्याकाळी फोनवर शिकवायची. आम्ही सहा-सात जणी, त्यात तिच्या वयाच्या दुपटीच्या तिघी. दुसऱ्या गावच्या दोन महाविद्यालयांतल्या शिक्षिका त्यात आल्या. प्राध्यापकांचं प्रशिक्षण म्हणतात ते हेच असावं. पण याला प्रमाणपत्र नाही, त्याचे गुण नाहीत आणि नॅकच्या अहवालात त्यासाठी रकाना नाही. पुढच्या सत्रात नेमणुकीचे आदेश लांबले. कित्येक महिने ती तास नाही म्हणून घरी होती आणि गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेत होती.

यामागे एक मोठी गोष्ट आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये राज्य शासनाने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला मान्यता दिली. त्यांतली काही भरली गेली. ४ मे २०२०ला वित्त विभागाच्या आदेशाने नव्या भरतीवर बंदी आली आणि उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा परवानगी मिळायला २०२१चा नोव्हेंबर उजाडला. या मधल्या काळात शिकवलं कुणी? तिच्यासारख्यांनी. गुणवत्तेच्या चर्चेत आपण नेहमी विचारतो की शिक्षक नवं शिकतात का. ज्या शिक्षिकेला जूनमध्ये आपण याच वर्गासमोर असू की नाही हे माहीत नाही, तिने कुठल्या भरवशावर शिकायचं, हे कुणी विचारत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुन्या मार्गदर्शक सूत्रांत, तीन वर्षं शिकवलेल्या हंगामी आणि कंत्राटी शिक्षकांनाही प्रशिक्षणाला घेता येईल, असं म्हटलेलं होतं. दार कागदावर उघडं होतं. पण कायम प्राध्यापक कोर्सला गेला की ते दिवस कामाचे धरतात, पगार चालू राहतो. तासिका तत्त्वावरची बाई पंधरा दिवस कोर्सला गेली की पंधरा दिवसांचे तास बुडाले, म्हणजे पैसे बुडाले. आणि ते तास दुसऱ्या कुणाला दिले गेले तर तेही बुडाले. शिवाय बढतीच नसलेल्या माणसाला बढतीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचा उपयोग काय?

तरुण मैत्रिणींना कदाचित ठाऊक नसेल की हे कोर्स आधी कसे होते. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर आयोगाने विद्यापीठांमध्ये ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. नव्या शिक्षकाला चार आठवड्यांचं ओरिएंटेशन, नंतर विषयाचे तीन आठवड्यांचे रिफ्रेशर. मी १९९६ साली ओरिएंटेशनला गेले. मुलगी दीड वर्षाची होती. तिला जावेकडे ठेवून जायचं म्हणून घरात जे रामायण झालं ते सांगत बसत नाही. तुमच्याही घरी झालेलं असेल. पण शेवटी सासूबाई म्हणाल्या, 'सरकारी आहे, गेल्याशिवाय पगार वाढत नाही म्हणते, जाऊ दे.' नियमाची अशीही मदत होते. अठ्ठावीस दिवस मी वसतिगृहात एका खाटेवर एकटी झोपले. आयतं ताट पुढे आलं. सकाळची व्याख्यानं बरीचशी कंटाळवाणी होती. मात्र रात्री गच्चीवर आम्ही लातूर, जळगाव, चिपळूण अशा ठिकठिकाणच्या चौदा-पंधरा जणी बसायचो. कुठल्या महाविद्यालयात प्राचार्य बाळंतपणाची रजा देताना काय बोलतो, कुठे मुलींना स्वच्छतागृह नाही, कुठल्या संस्थाचालकाकडे एकटीने जायचं नाही, हे तिथे कळलं. त्यातल्या चौघी पुढे स्त्री-संघटनांच्या कामात आल्या. तेव्हा आयोगाने प्रशिक्षण म्हणून दिलं ते वेगळं आणि आम्ही घेतलं ते वेगळं.

कोविडनंतर हे कोर्स मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन झाले. सुरुवात आधीच झाली होती; २०१८ साली 'स्वयम्'वर 'अर्पित' नावाने ऑनलाइन रिफ्रेशर निघाले होते. २०२०नंतर तीच वहिवाट झाली. आणि जाहिरातीत शब्द कुठला? 'घरबसल्या'! बायकांची सोय! मी निवृत्तीआधी शेवटचा रिफ्रेशर असाच केला. दिवसाला दीड-दीड तासाची चार सत्रं, कॅमेरा चालू ठेवायचा, मधूनच हजेरीची लिंक येणार, ती दहा मिनिटांत भरायची. चेहरा पडद्यावर आणि कान गॅसकडे. एका सहकारी बाईला तिच्या प्राचार्यांनी सांगितलं, 'कोर्स घरबसल्याच आहे ना, मग दुपारचे दोन तास घेऊन जा.' म्हणजे घरच्यांच्या लेखी ती घरात आहे म्हणून घरकामाला मोकळी, महाविद्यालयाच्या लेखी ती गावात आहे म्हणून तासांना मोकळी, आणि आयोगाच्या लेखी ती विद्यार्थिनी. बाईच्या तिप्पट कामाचा याहून नेटका नमुना मी पाहिलेला नाही. गच्चीचं तर विचारूच नका. पस्तीस चौकोनांत पस्तीस चेहरे, एकमेकींचा फोन नंबरसुद्धा माहीत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. बाळ अंगावर पिणारं आहे, घरी आजारी माणूस आहे, चालता येत नाही, किंवा नवरा काही केल्या पाठवत नाही, अशा बायकांना हे कोर्स पूर्वी मिळतच नव्हते. आता मिळतात. गडचिरोलीच्या मुलीला दिल्लीच्या विदुषीचं व्याख्यान थेट ऐकता येतं. हे मला मोडीत काढायचं नाही. ऑनलाइन राहू द्या. पण ज्या बाईला घराबाहेर पडायचं आहे तिच्या हातातला 'सरकारी आहे, जावंच लागतं' हा आधार काढून घेतला गेला आहे. तिला आता घरचे विचारतात, 'बाकीच्या घरून करतात, तुलाच का जायचंय?' पाळणाघर असलेलं निवासी प्रशिक्षण केंद्र काढायला पैसे लागतात. 'घरबसल्या'ला लागत नाहीत. सोय कुणाची झाली ते त्यावरून ओळखावं.

२० ऑक्टोबर २०२१ला महाविद्यालयं पुन्हा उघडली, जानेवारीत काही दिवस परत मिटली, मग सुरळीत झाली. वर्गात आल्या त्या मुली दीड-दोन वर्षं पर्यायांवर टिचकी मारून परीक्षा दिलेल्या. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यातच लागतील असं सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२०ला सांगितल्यावर घाईघाईने हा बहुपर्यायी मार्ग निघाला आणि पुढे रुळला. सलग दोन पानं लिहिताना मुलींची बोटं दुखायची. त्याहून वाईट म्हणजे त्या बोलेनाशा झाल्या होत्या. काही आल्याच नाहीत. टाळेबंदीत कमी खर्चात लग्नं उरकली गेली होती. पन्नास माणसांत लग्न होतं म्हटल्यावर बापाने वाट कशाला पाहावी? अशा वर्गात काय करायचं, कुठून सुरुवात करायची, गेलेल्या मुलीला परत आणता येतं का, हे मी केलेल्या एकाही कोर्समध्ये नव्हतं.

त्यानंतर प्रशिक्षणाची नवी लाट आली. ५ सप्टेंबर २०२३ला मालवीय मिशन जाहीर झालं, जुन्या स्टाफ कॉलेजांची म्हणजे १११ केंद्रांची नावं बदलली, पंधरा लाख शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट ठरलं. नव्या शैक्षणिक धोरणाची ओळख, श्रेयांक, भारतीय ज्ञानपरंपरा. असू द्या. संख्या गाठायची तर ते पडद्यावरूनच होणार. आणि मे २०२१मध्ये आयोगाने मांडलेली दुसरी गोष्ट विसरू नका: प्रत्येक विषयाचा चाळीस टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल. चाळीस टक्के भाग रेकॉर्ड करून ठेवला की तास कुणाचे कमी होतील? कायम माणसाचे होणार नाहीत.

आणखी एक बाब, खास समुपदेशन केंद्रांतल्या मैत्रिणींसाठी. ऑनलाइन तासात अनोळखी नावाने शिरून अश्लील बोलणं, शिक्षिकेच्या चेहऱ्याचे फोटो काढून गटांमध्ये फिरवणं, रात्री-अपरात्री 'शंका' विचारायला फोन करणं, हे आमच्याकडे झालं. तक्रार करायला गेलेल्या तरुण शिक्षिकेला सांगण्यात आलं की हे महाविद्यालयाच्या आवारात घडलेलं नाही. २०१३च्या कायद्यातल्या कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरसुद्धा आहे. अंतर्गत समितीला हा युक्तिवाद लेखी द्या. तासिका तत्त्वावरची असली तरी ती कर्मचारी आहे; कायदा हंगामी आणि कंत्राटी असा भेद करत नाही.

मागण्यांचा मसुदा दुपारच्या गटांमध्ये करायचा आहे, म्हणून मी लांबवत नाही. माझं म्हणणं एवढंच की कोर्स ऑनलाइन असो वा निवासी, ते दिवस कामाचे धरून शिक्षिकेला तासांतून मुक्त करावं, हे लेखी यायला हवं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेला प्रशिक्षणाच्या दिवसांचं मानधन मिळायला हवं. प्रत्येक केंद्रात पाळणाघर हवं. आणि आमच्या त्या फोनवरच्या वर्गासारखं जे शिक्षिका एकमेकींना शिकवतात, ते विभागाच्या नोंदीत शिकवणारीच्या नावासह आलं पाहिजे. पदं भरा ही मागणी तर सगळ्यांच्या आधी.

मागच्या टेबलावर एक छापील कागद ठेवला आहे. विडी कामगारांच्या वेळी आपण वापरला होता तसाच आहे, रकाने बदलले आहेत. एका आठवड्याचा हिशेब लिहायचा: कामासाठी वापरलेला स्वतःचा डेटा, वीज, फोन, रात्री आठनंतर आलेले महाविद्यालयाचे संदेश, कोर्सच्या वेळेत घेतलेले तास, आणि कॅमेरा चालू असताना केलेली घरकामं. नाव लिहायचं नाही, फक्त कायम की तासिका तत्त्वावर एवढं लिहायचं. कार्यकर्त्या मैत्रिणींनी आपल्या भागातल्या शिक्षिकांकडून प्रत्येकी पाच कागद भरून आणावेत. पुढच्या बैठकीआधी पंधरा दिवस ते पोचले तर बेरीज करायला वेळ मिळेल.